अरबाबांच्या रिव्हॉल्वरचा घोडा

बाबांनी ते रिव्हॉल्वर माझ्या बेंचवर ठेवलं, तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल तर दोन्ही हात पाठीमागं घेतले. एरवी बेंचवर आलेल्या वस्तूला आधी हात लावायचा आणि मग प्रश्न विचारायचे, ही माझी तीस वर्षांची खोड. पण परमुलखात काही वस्तूंवर आपल्या बोटांचे ठसेसुद्धा नकोत, एवढी अक्कल मला दोह्यात उतरल्यावर पंधरा दिवसांत आली होती.

बाबा म्हणजे आमचे अरबाब, वर्कशॉपचे मालक. इथल्या इंडस्ट्रियल एरियाला सगळे सनैय्या म्हणतात, तिथं आमचं शेड आहे. हमद पोर्टवरच्या क्रेनचे पार्ट, पंपांचे शाफ्ट, बाटल्यांचे साचे असं काय काय आमच्याकडं येतं. लेथवरची कामं बाकीचे करतात. साच्यांना आतून हातानं घासून चकचकीत करायचं काम माझं, कारण मी मूळचा कोल्हापूरकडचा टूलरूमचा माणूस. बाबांचं वय ऐंशीच्या घरात, राहायला अल रय्यानला. आठवड्यातून दोनदा यायचे, माझ्या बेंचशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून करक चहा प्यायचे आणि मी साच्यात घासायचा दगड फिरवत असलो की टक लावून बघत बसायचे. त्यांचं हिंदी मोडकं, माझं कोल्हापुरी, पण आमचं जमायचं.

त्या दिवशी त्यांनी आधी प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढून दाखवला. रिव्हॉल्वरचं लायसन्स. मग उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला. सांधा सुजून बोराएवढा झाला होता.

"अंगूठा बूढा हो गया," ते म्हणाले. "अब इसको भी थोडा बूढा करो."

वस्तू नवीनच होती, पण जुन्या काळच्या धाटणीची. लांब नळी, लाकडी मूठ, आणि प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा. घोडा म्हणजे मागचा आपटणारा भाग. तो मागं ओढला की आतल्या खाचेत चापाचं टोक जाऊन अडकतं, आणि बोटानं चाप दाबला की घोडा सुटून पुढं आपटतो. कारखान्यात घाईनं बनवलेला माल. वरून पॉलिश झकास आणि आत कानशीच्या रेघा तशाच. घोडा ओढला की करकर वाजायचा. बाबांच्या अंगठ्यातून तो निम्म्यातच सुटायचा.

मी म्हटलं, "बाबा, कागदावर नाव तुमचं आहे. माझा व्हिसा फिटरचा."

ते हसले. पण मी हसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग आमच्यात ठरलं. बाबा समोर बसलेले असतील तेव्हाच मी ते उघडणार, त्यांच्यासमोरच बंद करणार, आणि रोज काम झालं की बाबा ते सोबत घेऊन जाणार. गोळ्या शेडच्या दारातसुद्धा आणायच्या नाहीत. बाबांनी मान डोलावली, "खलास," म्हणजे ठरलं, असं म्हणाले, आणि चहा मागवला.

खोलीवर आल्यावर मी हे माझ्या रूममेटला सांगितलं. तो लातूरकडचा, बाबांचाच ड्रायव्हर. आम्ही सहा वर्षं एका खोलीत होतो. त्याची गाडी आणि तोंड, दोन्ही कायम चालू. तो म्हणाला, "कर की बे. म्हातारा एवढा जीव लावतंय तुला, अन् तू नाय म्हणूलालास कामून?"

उंटावरचा शहाणा. त्याला काय जातंय सांगायला. पण खरं सांगायचं तर मला सल्ल्याची गरजच नव्हती, मला मोह झाला होता. आयुष्यभर बाटल्यांचे साचे घासले. अशी वस्तू हातात कधी आली नव्हती, आणि आपला हात तिच्यावर चालतो का हे मला बघायचं होतं.

आता दगडांचं सांगतो. लोकांना वाटतं, धातू गुळगुळीत करायचा म्हणजे पॉलिश पेपर घ्यायचा आणि घासत सुटायचं. पेपर मऊ असतो, तो कोपऱ्यावरून वळतो आणि कडा गोल करतो. साच्यात ते कधी खपून जातं. इथं एक कड गोल झाली की घोडा धरणार नाही, आणि न धरणारा घोडा कधी कुणावर पडेल ते देवाला ठाऊक. हातातलं छोटं ग्राइंडर तर मी कपाटात टाकून वर कुलूप घातलं, कारण चुकून हात जाईल याची मला भीती होती. मला हवे होते चौकोनी, ताठ कडांचे, बोटाएवढे दगड. माझ्याकडचा तपकिरी तेलदगड होता, तो सुरुवातीच्या रेघांपुरता ठीक. त्यापुढचा बारीक, दुधी रंगाचा, कठीण दगड हवा होता. तो धातू खात नाही, नुसता समजूत घालतो, असं आमचे वस्ताद म्हणायचे. हिऱ्याच्या बारीक कानशी होत्या, पण त्या अधाशी. दोन हात जास्त फिरले की जे गेलं ते गेलं.

दुधी दगड मला नजमा भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. दुकानदारानं तीन दाखवले. मी नखावर ओढून बघितले, कड दिव्यासमोर धरून बघितली. दोनांचे टवके उडालेले होते, तिसरा घेतला. दुकानदारानं सहज विचारलं, "किस काम के लिए, भाई?" मी पटकन म्हणालो, "साचे के लिए." त्यानं पुढं काही विचारलंही नाही. पण दुकानाबाहेर आलो तेव्हा माझ्या पाठीला घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

स्क्रूड्रायव्हर मी स्वतः घासून बनवले. बाजारातले टोकाकडं निमुळते असतात, स्क्रूच्या खाचेत नीट बसत नाहीत, घसरतात आणि डोकं चावून ठेवतात. प्रत्येक स्क्रूच्या मापाचा वेगळा, असे चार केले. बाबा खुर्चीत बसून ते एक-एक उचलून डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. त्यांना रिव्हॉल्वरपेक्षा त्या स्क्रूड्रायव्हरांचंच कौतुक जास्त.

तीन सकाळी काम चाललं. घोड्याच्या दोन्ही बाजूंना निळी शाई लावायची, घोडा चार वेळा मागं-पुढं करायचा, पुन्हा काढायचा. जिथं शाई गेली तिथं तो घासतोय. तेवढाच उंचवटा दुधी दगडानं उतरवायचा. मग पुन्हा शाई. हळूहळू बाजू उजळत गेल्या. खाचेला आणि चापाच्या टोकाला मात्र मी दगड लावला नाही. त्या दोन कडा एकमेकींना धरून असतात, तोवरच शेजारी उभा असलेला माणूस सुरक्षित. बाबा म्हणाले, "वो भी थोडा?" मी म्हटलं, "नाही बाबा, ते नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

या धाटणीच्या रिव्हॉल्वरचा घोडा सावकाश मागं ओढला तर चार वेळा टक् वाजतं. चौथं टक् म्हणजे चाप खाचेत पूर्ण बसला. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून ओढला. करकर गेली होती आणि चार टक् स्वच्छ ऐकू आले. बाबांनी आपल्या सुजलेल्या अंगठ्यानं ओढून बघितला. आला, अगदी शेवटपर्यंत आला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटावी.

तेवढ्यात त्यांना फोन आला. बहिणीला हॉस्पिटलमध्ये नेलंय. बाबा उठले, निघाले, दारापर्यंत जाऊन परत आले. रिव्हॉल्वर घेऊन हॉस्पिटलमध्ये कसं जाणार? त्यांनी ते कापडात गुंडाळून माझ्या लोखंडी कपाटात ठेवलं, म्हणाले, "आज रहने दो," आणि गेले. किल्ली माझ्या खिशात. आमची अट अशी एका मिनिटात मोडली, आणि मोडताना आम्हा दोघांनाही ते जाणवलं नाही. दिवसभर मला ती किल्ली मांडीला टोचत होती. पोलिसाची गाडी आमच्या गल्लीत कधी येत नाही, त्या दुपारी एक आली, वळली आणि गेली. मी अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आमच्याकडं खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. मशिनं धुऊन-पुसून हार घालायचे, हत्यारं पाटावर मांडायची, हळद-कुंकू-अक्षता वाहायच्या, नारळ फोडायचा, आणि त्या दिवशी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. इथं शेडमध्ये आम्ही ते सकाळी लवकर, मागच्या कोपऱ्यात, गाजावाजा न करता उरकतो. केरळचे दोघं त्यांच्या पद्धतीनं करतात, मी माझ्या. बाबांना आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी हटकलं नाही.

मी पाटावर दगड मांडले, कानशी मांडल्या, मापाची हत्यारं मांडली, नवे चार स्क्रूड्रायव्हर मांडले. मग किल्ली टोचली. कपाटात शस्त्र आहे आणि आज नवमी आहे, हा विचार एकदा डोक्यात आला तो जाईना. घरात शस्त्र असेल तर त्याची पूजा चुकवायची नाही, हे मला कुणी शिकवलं असं नाही, ते अंगातच असतं. आपल्या हातून घडलेलं काम, देवापुढं ठेवायला काय हरकत आहे? मी ते काढलं आणि पाटाच्या मधोमध ठेवलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं.

पण मी घासलेल्या बाजू घोडा मागं ओढल्यावरच दिसतात. पुढं असला की त्या आत लपतात. देवाला माझं काम दिसावं म्हणून मी घोडा मागं ओढून ठेवला. अगदी खरं सांगतो, देवाला दिसावं म्हणून. मग हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि ओल्या कुंकवात रंगवलेल्या अक्षता मुठीनं टाकल्या. हात दाखवून अवलक्षण ते दुसरं काय असतं?

दहा वाजता बाबांची गाडी दारात. बहिणीला बरं वाटत होतं, त्यामुळं बाबा खुशीत होते. त्यांचे दोन भाऊ दुपारी फार्मवर जेवायला येणार होते, आणि असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर त्यांच्यासमोर हे चालवून दाखवायचं होतं. गाडीतून उतरायच्या आधीच ते हाका मारत होते. मी धावत कोपऱ्यात गेलो, घोडा पुढं घेतला, कापडानं खसाखसा पुसलं, हळदीचा डाग तेलाच्या बोळ्यानं काढला आणि रिव्हॉल्वर घेऊन बाहेर आलो. बाबांनी ते हातात घेतलं, नळी जमिनीकडं धरून घोडा मागं ओढला.

टक्, टक्, टक्.

चौथं मला ऐकू आलं नाही. मागं कॉम्प्रेसर चालू होता. "ज़ैन, ज़ैन," म्हणजे छान, छान, असं बाबा म्हणाले, घोडा अंगठ्यानं धरून सावकाश पुढं सोडला, आणि मी मनाला सांगितलं की कॉम्प्रेसरमुळं ऐकू आलं नसेल. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

अकराच्या सुमारास मी पाटावरची फुलं आवरायला गेलो. रिव्हॉल्वर ठेवलं होतं तिथं पाटावर त्याच्या आकाराची मोकळी जागा होती आणि भोवती अक्षता पडल्या होत्या. मी ते बघत उभा राहिलो. घोडा मागं असला की त्याच्यापुढं चौकटीत एक फट उघडते, सरळ आत यंत्रात जाणारी. मी मुठीनं तांदूळ टाकले होते. पुसताना वरचे पडले. आत गेलेला एखादा दाणा चापाच्या वाटेत बसला असेल, तर चाप खाचेत नुसता टेकेल, पूर्ण जाणार नाही. घोडा अडकल्यासारखा वाटेल आणि जरा धक्का लागला की पडेल. चौथं टक् वाजलं नव्हतं, हे मला तेव्हा कळून चुकलं. मी पाटाशेजारीच खाली बसलो.

फोन करायचा, एवढंच काम होतं. बाबा, त्यात गोळी भरू नका, आत तांदूळ आहे. तांदूळ कशाचा? कुंकवाचा. तुमच्या शस्त्राची मी पूजा केली. हे वाक्य मी मनात हिंदीत चार वेळा जुळवून बघितलं आणि चारी वेळा फोन परत खिशात ठेवला. इथं कामगारांत गोष्टी फिरत असतात. कुणाच्या तरी सामानात दोरा सापडला, कुणाच्या उशीखाली कागद सापडला, मालकानं शिहिर म्हणजे जादूटोणा म्हटलं आणि तो माणूस पुन्हा कुणाला दिसला नाही. खरं-खोटं कुणी तपासलेलं नसतं, मीही नव्हतं. पण लाल रंगाचा दाणा, तोही शस्त्रात, तोही न विचारता. शिवाय ते शस्त्र रात्रभर माझ्या कपाटात होतं हे आलंच. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मला घरी जायचं नव्हतं, आणि त्याहून वाईट जागी तर अजिबात जायचं नव्हतं.

मग मला युक्ती सुचली. मी ड्रायव्हरला फोन केला.

"अरे, त्या वस्तूचा एक स्क्रू ढिला राहिलाय बघ. बाबांना म्हणावं, आज चालवू नका. उद्या आवळून देतो."

"उद्या शुक्रवार हाय बे. सुट्टी."

"मग शनिवारी. पण आज नको म्हणावं."

"सांगतो की. तू एवढा कामून घाबरूलालास?"

"घाबरतोय कशाला? काम अर्धं राहिलं म्हणून सांगतोय."

फोन ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी डबा उघडून जेवलो. नंतर कित्येकदा आठवलंय, त्या दिवशी मी वांग्याची भाजी चवीनं खाल्ली होती.

दीड वाजता त्याचा फोन आला. आवाजात नेहमीची मजा. "टेन्शन घेऊ नको. बाबा म्हणाले, स्क्रूसाठी कशाला दिवस घालवायचा. गाडीतल्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला अन् आवळलं सगळं स्वतःच. आता टकाटक हाय म्हणूलालेत."

"त्यांना दे फोन."

"जेवाय बसलेत भाऊ लोकांसंगं. मग देतो."

मग फोन आला नाही. मी केला, तो उचलत नव्हता. बाबांना केला, वाजत राहिला. सव्वादोन झाले, दोन वीस, दोन पंचवीस. मी शेडमध्ये फेऱ्या घालत होतो आणि अजूनही मनात हिशेब चालला होता की कदाचित दाणा पडलाही असेल, कदाचित आज गोळ्या आणल्याही नसतील. माणूस स्वतःला किती सवलती देतो. अडीच वाजता मी चार स्क्रूड्रायव्हर खिशात टाकले आणि टॅक्सी पकडली.

फार्म रय्यानच्याही बरंच पश्चिमेला. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना रखरखीत सपाटी, आणि टॅक्सीवाला नेमका नियमानं चालवणारा. वाटेत असरची अजान झाली. मी "यल्ला भाई, यल्ला" म्हणत राहिलो, तो कॅमेरे दाखवत राहिला.

फाटकातून आत शिरलो तर खजुराच्या झाडांखाली मोठी सतरंजी, तिच्यावर बाबांचे दोघं भाऊ टेकून बसलेले. शंभर पावलांवर वाळूच्या ढिगाला तेलाचं पिंप टेकवून ठेवलेलं. बाबा सतरंजीच्या कडेला उभे होते. हातात रिव्हॉल्वर, नळी खाली, घोडा मागं ओढलेला. भावांना काहीतरी सांगत होते, बहुधा अंगठ्याचीच गोष्ट. ड्रायव्हर त्यांच्या डाव्या हाताला वाकून कपात गहवा, म्हणजे इथली कॉफी, ओतत होता.

मला ओरडता येईना. ओरडलो आणि ते दचकले तर? मी चालत गेलो. सतरंजीजवळ पोचल्यावर मी चपला काढल्या, तेवढ्या घाईतसुद्धा. का काढल्या मला माहीत नाही. मग अगदी हळू म्हणालो, "बाबा."

ते माझ्याकडं वळले, आणि त्यांचा हातही वळला. त्यांनी चाप दाबला नव्हता. त्यांचं बोट बाहेर होतं, मी स्वतः बघितलं. घोडा आपला आपण पडला.

आवाज एवढा मोठा होता की नंतर काही वेळ मला काहीच ऐकू आलं नाही. गहव्याची किटली खाली पडली होती आणि ड्रायव्हर तिच्याकडं बघत उभा होता. त्याच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावर सतरंजीला भोक पडलं होतं आणि त्यातून धूर येत होता. तो एक पाऊल मागं सरकला. मग त्याला कळलं, आणि तो मटकन खाली बसला.

बाबांनी उरलेल्या गोळ्या काढल्या आणि रिव्हॉल्वर माझ्यापुढं ठेवलं. मी तिथंच बसून उघडलं. तेलात माखलेला, अर्धा चिरडलेला दाणा चापाच्या बगलेला होता. चिरडला होता तरी लाल दिसत होता. मी तो तळहातावर घेतला. थोरल्या भावानं वाकून बघितलं आणि तोच शब्द उच्चारला, ज्याला मी सकाळपासून घाबरत होतो. शिहिर.

मी बाबांकडं बघितलं.

बाबांनी माझ्या तळहातावरचा दाणा उचलला, बोटांत चोळला, वास घेतला. मग भावाला अरबीत काहीतरी सांगितलं आणि मला कळावं म्हणून पुन्हा हिंदीत सांगितलं. त्यांचा पहिला ट्रक होता तेव्हा त्यावर एक हिंदी ड्रायव्हर होता, तो वर्षातून एकदा इंजिनवर फूल ठेवायचा, लाल लावायचा, चावल टाकायचा. "दुआ है इनका," बाबा म्हणाले. "मशीन के लिए."

भाऊ मागं टेकून बसला. तेवढंच. सकाळपासून ज्या भीतीनं माझं पाणी-पाणी झालं होतं, ती एवढ्यात संपली. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"कब मालूम हुआ?" बाबांनी विचारलं.

आत्ता, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. "ग्यारह बजे," मी म्हणालो.

त्यांनी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडं बघितलं, मग ड्रायव्हरच्या पायाजवळच्या भोकाकडं. "तुम बोलता, तो मैं गुस्सा करता," ते म्हणाले. "पाँच मिनट."

मग त्यांनी स्वतः किटली उचलली, तिच्यात उरलेला गहवा कपात ओतला आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. माझ्याकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही. माझी नोकरी गेली नाही. व्हिसा दर वेळी वेळेवर रिन्यू होतो, सही बाबांचीच असते. फक्त बेंचशेजारच्या खुर्चीत ते त्यानंतर कधी बसले नाहीत. वर्कशॉपमध्ये आले तर ऑफिसमधूनच परत जातात.

त्या दिवशी मला परत आणायला बाबांनी ड्रायव्हरलाच गाडी काढायला सांगितली. अर्धा रस्ता तो बोलला नाही. सहा वर्षांत तो गाडीत गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघत होतो. रय्यानची घरं दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला,

"बाबाला नाय सांगितलास, ते कळतंय मला. भ्यालास. मी बी भ्यालो असतो."

मी मान डोलावली.

"पण अकराला फोन तू मला केलतास. मराठीत केलतास. मला काय, अक्षता म्हंजे काय हे समजून सांगावं लागणार होतं?"

मी म्हणालो, "तुझ्या तोंडात राहत नाही काही, म्हणून..."

"हाव, नाय राहत," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "स्क्रू आवळताना बाबाला दिसत नव्हतं म्हणून मोबाईलची बॅटरी मीच धरली व्हती, पार आतपर्यंत. तू तांदूळ म्हणाला असतास, तर मी तांदूळ बघितला असता. तू स्क्रू म्हणालास, मी स्क्रू बघत बसलो."